हात न लावलेली गाडी

न्यू जर्सीत ऑनसाइट होतो तेव्हाची गोष्ट. शनिवार होता, प्रॉडक्शनवर काही पेटलेलं नव्हतं, आणि टीममधल्या एका मित्राने गाडी काढली. फिलाडेल्फियाच्या विमानतळापासून जवळच सिमिओन फाउंडेशनचं मोटार संग्रहालय आहे. तिथल्या सगळ्या गाड्या शर्यतीच्या. काही तर आरशासारख्या चकचकीत. त्यांच्यात एक निळी गाडी उभी होती. रंग मंद पडलेला, जागोजागी टवके उडालेले, पत्रा हातानेच ठोकून आणलाय हे लांबूनही कळावं असा. मित्र म्हणाला, "हिचं काम अजून बाकी आहे वाटतं."

काम बाकी नव्हतं. ते करायचं नाही असं कोणीतरी विचारपूर्वक ठरवलं होतं.

ती शेल्बी कोब्रा डेटोना कूपे होती, चासी क्रमांक सीएसएक्स २२८७. अशा गाड्या जगात सहाच बनल्या आणि त्यांतली ही पहिली. अमेरिकेत ऐतिहासिक वाहनांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली तेव्हा, जानेवारी २०१४ मध्ये, त्यातली पहिली नोंद हिच्या नावाने झाली. तिची मोजमापं, चित्रं, छायाचित्रं आणि लेखी इतिहास आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. म्हणजे एखाद्या पुलाला किंवा जुन्या गिरणीला मिळावा तो मान टवके उडालेल्या एका गाडीला मिळाला.

घरी परतताना मी गाडीत गप्प होतो. मला माझ्या आबांची स्कूटर आठवत होती. तिच्याकडे नंतर येतो. आधी या निळ्या गाडीची समीक्षा करायची आहे, एखाद्या पुस्तकाची करतात तशी. कारण 'अनरिस्टोअर्ड' या एका शब्दाभोवती सध्या बरीच भक्ती आणि बराच पैसा गोळा झालाय, आणि तो शब्द नेमका कशाबद्दल बोलतो हे कोणी नीट विचारत नाही.

नियमातली फट

साठच्या दशकाच्या सुरुवातीला कॅरोल शेल्बी नावाच्या टेक्सासच्या माणसाने एक जोडकाम केलं. इंग्लंडच्या एसी कंपनीची हलकी, उघडी स्पोर्ट्स कार घ्यायची आणि तिच्यात फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवायचं. हीच कोब्रा. शेल्बी स्वतः १९५९ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेला ड्रायव्हर. हृदयाच्या दुखण्याने शर्यती सुटल्या, तेव्हा तो गाड्या बनवायला लागला.

अमेरिकेतल्या वळणदार, छोट्या ट्रॅकवर कोब्रा कोणालाही ऐकत नव्हती. पण ल मान्सला जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता. उघड्या कोब्राचं नाक बोथट, ड्रायव्हरचं डोकं वाऱ्यात. वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास गेला की हवेची भिंतच समोर उभी राहायची. फेरारी २५० जीटीओ तिथे सहज पुढे निघून जायची.

आता गंमत बघा. या गटात गाडी उतरवायची तर तिच्या किमान १०० प्रती बनलेल्या असाव्यात असा नियम होता. फेरारीने जीटीओच्या प्रती चाळिशीच्या आतच बनवल्या होत्या. ही वेगळी गाडी नसून आमच्या जुन्याच मॉडेलची सुधारित आवृत्ती आहे, असं म्हणून मान्यता मिळवली. जीटीओमधल्या 'ओ'चा अर्थच मुळी मान्यताप्राप्त. शेल्बीच्या लोकांनी तीच फट वापरली. चासी कोब्राची, इंजिन कोब्राचं, फक्त वरचं अंग नवं. कागदावर गाडी जुनी.

नवं अंग काढलं पीटर ब्रॉक नावाच्या पोराने. वय २७. आज माझ्या टीममध्ये त्या वयाच्या माणसाला डेटाबेसचा एक कॉलम बदलायला तीन मंजुऱ्या लागतात. ब्रॉकने जुन्या जर्मन संशोधनाचा आधार घेतला. त्या संशोधनाचं म्हणणं असं, की गाडीचं शेपूट लांब निमुळतं करत बसू नका, ते मध्येच सरळ कापून टाका, हवा तरीही नीट सुटते. वर्कशॉपमधल्या अनुभवी लोकांना हे पटेना. केन माइल्स हा टेस्ट ड्रायव्हर मात्र त्याच्या बाजूने उभा राहिला. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस भागातल्या त्या वर्कशॉपमध्ये लाकडी साच्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे बेतले गेले. फेब्रुवारी १९६४ मध्ये रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर माइल्सने ती पळवली, आणि शंका काढणारे गप्प झाले.

ही गाडी काटेकोर व्याख्येने मसल कार नाही. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या गाडीत कोंबलेलं मोठं व्ही-८ इंजिन. पण नातं जवळचं आहे. हिचं ४.७ लिटरचं फोर्ड इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातली इंजिनं मस्टँगमध्ये बसत होती. आणि जिला हरवायला ही बनली त्या फेरारीचं जीटीओ हे नाव पाँटियाकने त्याच १९६४ साली उचललं. बरेच लोक त्या पाँटियाक जीटीओलाच पहिली मसल कार मानतात.

हरण्याच्या खुणा

या गाडीचं शर्यतीतलं आयुष्य दोन वर्षांचंही नाही. पहिली शर्यत फेब्रुवारी १९६४, फ्लोरिडातलं डेटोना. नाव तिथूनच आलं. बॉब होल्बर्ट आणि डेव्ह मॅक्डॉनल्ड यांनी गाडी आघाडीवर नेली होती. मग मागचा डिफरन्शियल तापला, पिटमध्ये पेट्रोलचा भडका उडाला, खेळ संपला. मार्चमध्ये सेब्रिंगला याच दोघांनी एकंदरीत चौथा आणि जीटी गटात पहिला क्रमांक काढला. दहा आठवड्यांनी, ३० मे रोजी, मॅक्डॉनल्ड इंडियानापोलिसच्या शर्यतीत दुसऱ्या गाडीत जळून गेला.

बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर फिल हिलला वेगात असताना मागची चाकं हलकी वाटायला लागली. मेकॅनिकांनी शेपटाच्या कडेला अॅल्युमिनियमची एक पट्टी उभी केली. हवा दाबली गेली, गाडी जमिनीला चिकटली. जूनमध्ये ल मान्स. ज्या शर्यतीसाठी ही बनली तीच. तिथे बॅटरी बसली, बाहेरच्या बॅटरीने गाडी सुरू केली, आणि तसं करणं नियमात बसत नसल्यामुळे पंचांनी तिला बाद केलं. जीटी गट जिंकला तो तिच्या धाकट्या बहिणीने, सीएसएक्स २२९९ने, डॅन गर्नी आणि बॉब बाँड्युरंट यांच्या हातून. पुढच्या वर्षी, ४ जुलै १९६५ रोजी, फ्रान्समध्ये रँसला जीटी उत्पादकांचं जागतिक विजेतेपद पक्कं झालं. अमेरिकी गाड्यांनी ते प्रथमच मिळवलं. तिथेही गाडी वेगळीच होती, सीएसएक्स २६०१.

नोव्हेंबर १९६५ मध्ये २२८७ला बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर नेलं. क्रेग ब्रीडलव्ह आणि बॉबी टॅट्रो यांनी तिला तासन् तास गोल गोल पळवून वीसहून जास्त विक्रम केले. मग ती विकली गेली. विजेतेपद मिळालं होतं, फोर्डचं सगळं लक्ष जीटी४०कडे गेलं होतं, आणि हरलेल्या-जिंकलेल्या जुन्या गाडीला किंमत नव्हती. काही काळ ती फिल स्पेक्टर या प्रसिद्ध संगीत निर्मात्याकडे होती. तो तिला लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर चालवायचा. आत भट्टीसारखं तापायचं, आवाज कान फाडणारा. कंटाळून त्याने ती हजारेक डॉलर्सना आपल्या अंगरक्षकाला देऊन टाकली. पुढे ती अंगरक्षकाच्या कुटुंबात राहिली आणि जवळजवळ तीस वर्षं एका भाड्याच्या गोदामात उभी होती. शेल्बीसकट अनेकांनी मागितली, नकारच मिळाला. मालकीण २००० साली वारली. त्यानंतर कोर्टकज्जे झाले आणि शेवटी गाडी फिलाडेल्फियाच्या डॉ. फ्रेडरिक सिमिओन यांच्याकडे आली.

हे सगळं तपशिलात सांगण्याचं कारण आहे. राष्ट्रीय नोंदवहीत पहिला मान मिळालेली ही गाडी तिच्या सगळ्यात महत्त्वाच्या शर्यतीत बाद झालेली आहे. विजेतेपद पक्कं करणारी २६०१ छान रिस्टोअर झाली आणि २००९ साली लिलावात ७२ लाख ५० हजार डॉलर्सना गेली. ती बघताना तुम्हाला जुलै १९६५ मधला तो एक दिवस दिसतो. लग्नाच्या अल्बमसारखा, सगळे हसताहेत. २२८७कडे बघताना भडका, बाद होणं, कंटाळलेला श्रीमंत माणूस आणि गोदामातली धूळ हे सगळं दिसतं.

मूळ म्हणजे कधीचं?

मराठीत रिस्टोरेशनला आपण जीर्णोद्धार म्हणतो. शब्दातच पुण्य आहे. जे जीर्ण होतं त्याचा उद्धार झाला. उलट्या बाजूला आपल्याकडे धड शब्दच नाही. 'जैसे थे' कोर्टाचं वाटतं, 'पडून राहिलेली' म्हटलं की आळस वाटतो. म्हणून मला तो इंग्रजी शब्दच वापरावा लागतोय.

जीर्णोद्धार करणारा एक गृहीत धरून चालतो, की वस्तूचं एक 'मूळ' रूप असतं आणि काळाने ते बिघडवलं. आता हे २२८७ला लावून बघा. मूळ म्हणजे कधीचं? रिव्हरसाइडला पहिल्यांदा उतरली तेव्हाचं? तेव्हा शेपटावर ती पट्टी नव्हती. मग स्पानंतरचं? पण डेटोनाची गाडी आणि स्पानंतरची गाडी वेगळी. शर्यतीची गाडी दर आठवड्याला कापली जाते, भोकं पाडली जातात, रंग मारला जातो. तिची चासी मुळात एका इंग्लिश गाडीची, आणि तिचं सगळं अस्तित्व 'ही नवी नाही, सुधारित आहे' या दाव्यावर उभं. जिचा जन्मच दुरुस्तीतून झालाय तिचं शुद्ध मूळ रूप शोधणं मला हास्यास्पद वाटतं.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. कोडमध्ये केलेला प्रत्येक बदल गिट लक्षात ठेवतं: कोणी, कधी, काय म्हणून. काही टीम काम संपल्यावर ते शेकडो बदल दाबून एकच स्वच्छ बदल करतात. इतिहास वाचायला सुटसुटीत होतो. पण सहा महिन्यांनी एखादी विचित्र ओळ दिसते आणि ती कोणत्या रात्री, कोणता सर्व्हर कोसळल्यावर लिहिली गेली, हे शोधायला मागे काहीच उरलेलं नसतं. रिस्टोअर केलेली गाडी अशी दाबलेल्या इतिहासाची असते. शेवटचं उत्तर बरोबर, पण मधल्या पायऱ्या पुसलेल्या.

याबाबत जगाने एक नियम लिहूनही ठेवलाय. तो लिहिला गेला १९६४च्या मे महिन्यात, इटलीतल्या व्हेनिसमध्ये. ही गाडी कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये बनली त्यानंतर काही महिन्यांनी. निव्वळ योगायोग, पण मला फार आवडतो. तो व्हेनिस जाहीरनामा जुन्या इमारतींसाठी आहे. त्यातली दोन तत्त्वं इथे कामाची. एक, वास्तूवर प्रत्येक काळाने केलेली वैध भर मानायची, फक्त पहिला काळ खरा असं धरायचं नाही. दोन, जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, फिव्हाने, २०१२ साली तुरीनमध्ये याच धर्तीवर गाड्यांसाठी जाहीरनामा केला. म्हणजे एका पट्टीला आणि एका टवक्याला मान द्यावा हे गाड्यांच्या जगाला कळायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. ते अजून पूर्ण मुरलेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या सर्वांत मानाच्या प्रदर्शनात जतन गटातल्या गाडीला अव्वल बक्षीस मिळालं ते थेट २०२४ साली, १९३४ची एक बुगाटी.

आबांची चेतक

आता स्कूटर. माझ्या आईच्या वडिलांची, १९७९ची बजाज चेतक. आबा गेल्यावर ती वाड्याच्या बोळात गोणपाटाखाली होती. पहिल्या नोकरीचा बोनस मिळाला तेव्हा मी ती 'नवीन करून' आणायची ठरवली. गॅरेजवाल्याने पत्रा खरवडला, पुट्टी भरली, प्रायमर मारला, मग जुन्या कॅटलॉगमध्ये बघून तंतोतंत तोच रंग दिला. काम उत्तम केलं. दोष त्याचा नाही, मी सांगितलं तेच त्याने केलं.

आई बघायला खाली आली. म्हणाली, "छान दिसतेय रे." मग वाकून पायदानाकडे बघत राहिली. ती आणि मावशी लहानपणी पुढे उभ्या राहायच्या. त्यांच्या चपलांनी तिथला रंग घासून पत्रा दिसायला लागला होता. "आमची पायांची जागा गेली का?" एवढंच विचारलं. पुढच्या डिकीच्या झाकणाच्या आत आबांनी ऑइल बदलल्याच्या तारखा खिळ्याने कोरल्या होत्या. त्यांचं अक्षर. तेही पुट्टीखाली गेलं.

माझी स्कूटर आज १९७९ साली शोरूममधून निघाली तशी दिसते. म्हणजे आबांनी तिला हात लावायच्या आदल्या दिवशीसारखी. आमच्या घराचा तिच्याशी काही संबंध नव्हता तो शेवटचा दिवस.

भक्तीला आवर

इथवर वाचून वाटेल की मी अनरिस्टोअर्ड पंथाची दीक्षा घेतलीय. तसं नाही. त्या पंथाबद्दल तीन तक्रारी आहेत.

पहिली. २२८७ टिकली ती कोणाच्या दूरदृष्टीने नव्हे. ती नकोशी झाली म्हणून विकली गेली, आणि नंतर कोंडली गेली म्हणून वाचली. तीस वर्षं कोणी तिचं इंजिन ऐकलं नाही. दुर्लक्ष आणि जतन यांतला फरक बाहेरून दिसत नाही. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेऐवजी ती रत्नागिरीच्या पावसात तीस वर्षं उभी असती तर आज या लेखाला विषय उरला नसता. गोदामातून सापडलेल्या प्रत्येक गंजक्या गाडीवरची धूळ जपून तशीच लिलावात आणण्याची हल्ली जी फॅशन आहे, ती मला नाटकी वाटते. त्या धुळीला काही म्हणायचं नसतं. गाडी कोणीच वापरत नव्हतं तेव्हा ती साचलेली असते.

दुसरी. 'हात न लावलेली' हे खरं नसतं. गाडी चालती ठेवायची तर रबर बदलावं लागतं, तेल बदलावं लागतं, नळ्या बदलाव्या लागतात. सिमिओन संग्रहालय 'डेमो डे' करतं, मागच्या मोकळ्या जागेत गाड्या खरोखर पळवतात. पळणारी वस्तू झिजते. म्हणून काय बदलायचं आणि काय नाही याचा निर्णय तिथे सतत घ्यावा लागतो, आणि 'अनरिस्टोअर्ड' ही पाटी तो निर्णय झाकून टाकते. पाटीवर 'काय बदललं' याची यादी असती तर मी जास्त खूश झालो असतो.

तिसरी तक्रार पैशाची. टवक्यांना भाव आला की टवकेही बनवता येतात. खोटी झीज रंगवून देणारे कारागीर आज आहेतच. डेटोना कूपेच्या प्रतिकृती तर विकत मिळतात, त्या मुळापेक्षा चांगल्या धावतात. वेग हवा असेल, आकार हवा असेल, तर प्रतिकृती घ्या. अस्सल गाडीकडे जायचं ते प्रतिकृतीत नसलेल्या गोष्टीसाठी: कोणी, कधी, कशासाठी काय केलं याच्या पुराव्यासाठी. पुरावा खोटा निघाला तर हातात फक्त एक खराब रंगाची गाडी उरते.

तरीही शेवटी माझा कौल २२८७च्याच बाजूने आहे, आणि त्याचं कारण सिमिओन. ते व्यवसायाने मेंदूचे सर्जन होते, २०२२ मध्ये गेले. ऐतिहासिक गाड्यांच्या राखणदारीवर त्यांनी पुस्तक केलं. गाडी हातात आली तेव्हा तिला बहिणींसारखी चकाचक करणं त्यांना सहज परवडलं असतं, आणि बघणाऱ्यांपैकी बहुतेकांना तेच आवडलं असतं. माझ्या मित्रालाही. त्यांनी गाडी चालती केली आणि रंगापाशी थांबले. अंगरक्षकाच्या घराने ती ठेवली हा अपघात होता. सिमिओन थांबले हा निर्णय होता, आणि मी गाडीइतकीच दाद त्या निर्णयाला देतो.

त्यांना थांबता आलं कारण त्या टवक्यांत काय लिहिलंय हे त्यांना माहीत होतं. मला माझ्या स्कूटरबद्दल ते माहीत नव्हतं, आणि मी आईला विचारलंही नव्हतं. पाच मिनिटांचं काम होतं.

तेव्हा घरातलं एखादं घड्याळ, पाट, शिवणयंत्र, स्कूटर तुम्ही 'नवीन करून' आणणार असाल, तर जरूर आणा, वस्तू वापरात राहिलेली चांगलीच. फक्त गॅरेजमध्ये नेण्याआधी फोनमध्ये तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, झाकणांच्या आतलेसुद्धा. आणि ती जिने वापरली तिला वस्तूसमोर उभी करून विचारा, हा ओरखडा कशाचा? उत्तर आलं तर तेवढी जागा सोडून बाकीचं रंगवा.